विषाणूसंसर्गानंतरचा दीर्घकालीन थकवा: मूळ शोधनिबंध रुग्णांनी मिळवायचे कसे?

प्रश्न: मानेवाडावासी

नमस्कार. मी नागपूरला एका शाळेत गणित शिकवते. शिकवत होते, असे म्हणणे सध्या अधिक खरे ठरेल. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात चिकनगुनियाची साथ पसरली, तेव्हा मलाही ताप आला आणि तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले. ताप आठवड्याभरात उतरला, सांधेही हळूहळू बरेचसे मोकळे झाले, पण त्यानंतर जो थकवा मागे राहिला तो आजतागायत गेलेला नाही. हा थकवा झोप काढून जात नाही. सणाच्या दिवशी दोन तास ओट्याशी उभे राहून पुरण वाटले, तर त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मात्र अंगावरचे पांघरूण बाजूला सारण्याइतकेही त्राण उरत नाही, आणि फळ्यावर डोळे मिटून सोडवत असे ती उदाहरणे वाचतानाही आधीची ओळ विसरायला होते. "झोपून झोपूनच थकून राहिली ही," असे माझ्या सासूबाई म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात दुष्टावा नाही हेही मला कळते.

एका खासगी रुग्णालयात हे सारे मनाचे आहे असे सांगून गोळ्या लिहून दिल्या गेल्या. पुढे धंतोलीतल्या एका फिजिशियननी सगळे शांतपणे ऐकून घेतले, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, यकृत, मूत्रपिंड या तपासण्या करून इतर कारणे बाजूला काढली आणि 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम', म्हणजे एमई/सीएफएस, असे निदान कागदावर लिहून दिले. यावर खात्रीचे औषध आपल्याकडे नाही हे त्यांनी लपवले नाही. विषाणूंशी या आजाराचा संबंध काय यावर बरेच लिहिले गेले आहे, वाचायचे असेल तर वाचा आणि अडले तर विचारा, असे ते म्हणाले.

अडचण तिथेच आली. इंटरनेटवर शोधले की सारांशाचा एक परिच्छेद दिसतो, आणि त्याखाली पूर्ण निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर भरा अशी पाटी येते. एका निबंधाला तीन हजार रुपये, आणि मी बिनपगारी रजेवर. सारांशावरून तर मला एवढेच कळते की कुणाला तरी काहीतरी सापडले. कोणत्या रुग्णांत सापडले, किती जणांत, आणि त्या रुग्णांचा आजार माझ्यासारखाच होता का, यातले काहीच कळत नाही. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण आकडे वाचायची भीती मला वाटत नाही. मूळ निबंध कायदेशीर मार्गाने आणि परवडेल अशा रीतीने कसे मिळतील, आणि विषाणूंबाबत कुठून वाचायला सुरुवात करावी, हे कुणी सांगू शकेल का? आणखी एक: ओळखीच्या एका लॅबवाल्यांनी एपस्टाइन-बार विषाणूच्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, सगळा उलगडा होईल, असा आग्रह धरला आहे. ती करावी का?

प्रतिसाद: निवृत्त ग्रंथपाल

ताई, माझी नोकरी एका शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागापुरतेच लिहितो. वैद्यकीय भाग जाणकारांनी सांगावा.

शोध साध्या सर्च इंजिनवर न करता पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या फुकट शोधसूचीवर करावा आणि डाव्या बाजूला 'फ्री फुल टेक्स्ट' अशी जी खूण असते ती लावावी. पबमेड सेंट्रल हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे खुले भांडार २००० साली सुरू झाले. अमेरिकी सरकारच्या एनआयएच या संस्थेच्या पैशातून झालेले संशोधन तिथे ठेवण्याची सक्ती २००८ पासून आहे. पूर्वी प्रकाशकाला बारा महिने थांबवून धरता येत असे. १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या गेलेल्या निबंधांना ती मुदत उरलेली नाही. तुमच्या आजारावरचे पुष्कळसे काम एनआयएचच्या पैशातून झालेले असल्यामुळे याचा तुम्हाला थेट उपयोग आहे. युरोप पीएमसी नावाचे असेच दुसरे भांडार आहे, तिथेही पाहावे, कारण ब्रिटनमधले काम तिथे सहज हाती लागते. शिवाय 'अनपेवॉल' नावाची एक छोटी जोडणी ब्राउझरमध्ये फुकट बसवता येते. निबंधाच्या पानावर गेल्यावर त्याची कायदेशीर खुली प्रत जगात कुठे ठेवलेली असेल तर ती कुलपाचे चित्र हिरवे करून दाखवते. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर लेखकांनी स्वतः ठेवलेल्या प्रती अशाच सापडतात.

आपल्या सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना तुमच्या कानावर आली असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिके असा तिचा पसारा आहे. मात्र ही दारे शासकीय उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांतले विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांच्यासाठी उघडली आहेत. योजनेच्या नावात राष्ट्र असले तरी घरी पडून असलेला रुग्ण त्यात बसत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पैसा सर्वांच्या करातलाच आहे. आपल्या नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या शासकीय वैद्यकीय संस्थांमध्ये तुमची कुणी भाची, पुतण्या किंवा जुना विद्यार्थी शिकत असेल (गणिताच्या शिक्षिकेचे विद्यार्थी सगळीकडे असतात), तर त्याने आपल्या अभ्यासाच्या हक्काने निबंध वाचून त्यातला मजकूर तुम्हाला समजावून सांगण्यात काही गैर नाही. आपला पासवर्ड मात्र त्याने तुम्हाला देऊ नये, तो नियमभंग होतो आणि त्यात त्या मुलाचे नुकसान होते.

सर्वांत भरवशाचा मार्ग जुनाच आहे: लेखकाला पत्र लिहावे. प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावर, आणि बहुधा पबमेडवरील सारांशातही, पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा ईमेल असतो. निबंधाचे पूर्ण नाव आणि साल लिहा, आपण रुग्ण आहोत आणि भारतात राहतो हे एका वाक्यात सांगा, आणि वैयक्तिक वाचनासाठी एक प्रत पाठवावी अशी विनंती करा. त्याच पत्रात स्वतःच्या औषधोपचाराबद्दल काही विचारू नका. तसे विचारले की उत्तर देणे त्यांना अवघड होते आणि पत्र तसेच पडून राहते. वैयक्तिक विनंतीवरून एक प्रत पाठवायला प्रकाशकांची सहसा हरकत नसते, आणि आपले लिखाण कुणाला तरी वाचायचे आहे याचा आनंद संशोधकांना होतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आठवड्यात उत्तर आले नाही तर दुसऱ्या लेखकाला लिहावे.

प्रतिसाद: बर्डीकर

इतका खटाटोप कशाला करायचा, सायहब या संकेतस्थळावर सगळे निबंध फुकट मिळतात.

प्रतिसाद: निवृत्त ग्रंथपाल

ताईंनी कायदेशीर मार्ग विचारला आहे. प्रकाशकांच्या परवानगीशिवाय निबंध पुरवणाऱ्या सायहबवर तीन परदेशी प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात अडवण्याचा आदेश झाला. प्रकाशकांच्या किमतींबद्दल माझे मत तुमच्यापेक्षा सौम्य नाही, पण आजारी माणसाला रोज बदलणाऱ्या पत्त्यांच्या मागे धावायला लावू नये.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे आणि विदर्भातच काम करते. ग्रंथपालकाकांनी दारे दाखवली आहेत. आत गेल्यावर पाय कुठे घसरतो ते मी सांगते, कारण या विषयात तो फार मोठ्या लोकांचा घसरला आहे.

आधी लॅबवाल्यांचे. एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून किंवा तरुणपणापासून मुक्कामाला असतो. त्यामुळे आयजीजी प्रतिपिंडे (जुन्या संसर्गाची खूण) 'पॉझिटिव्ह' येणे म्हणजे तुम्ही या पृथ्वीवर राहता एवढेच सिद्ध होणे. १९८५ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' मध्ये एपस्टाइन-बार आणि दीर्घकाळचा थकवा यांचा संबंध सुचवणारे निबंध आले, आणि त्यानंतर अमेरिकेत हीच तपासणी सर्रास केली जाऊ लागली. पुढे कळले की निरोगी माणसांत आणि रुग्णांत ती पातळी इतकी एकमेकांत मिसळलेली असते की त्यावरून एका व्यक्तीचे निदान करता येत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने आजाराची व्याख्या ठरवली तेव्हा विषाणूचे नाव काढून टाकले गेले आणि 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव आले, ते याच कारणाने. आपले पैसे वाचवा.

आता एक्सएमआरव्हीची गोष्ट, जी या आजाराच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक हवी. ऑक्टोबर २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेवाडातल्या व्हिटमोर पीटरसन इन्स्टिट्यूटच्या गटाचा निबंध आला. १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा रेट्रोव्हायरस (एचआयव्ही ज्या गटातला त्याच गटातला विषाणू) सापडला आणि २१८ निरोगी व्यक्तींपैकी फक्त ८ जणांत, असा त्याचा दावा होता. हे आकडे वाचून कुणाचेही डोळे विस्फारतील. वर्षानुवर्षे 'मनाचे आहे' असे ऐकलेल्या रुग्णांना अखेर एक विषाणू मिळाला होता. अनेकांनी पदरचे पैसे मोजून खासगी तपासण्या करून घेतल्या, काहींनी तर एचआयव्हीवरची औषधे सुरू केली. कॅनडाने २०१० मध्ये अशा रुग्णांचे रक्तदान थांबवले. आणि मग जगातल्या एकामागून एका प्रयोगशाळेला तो विषाणू सापडेना. २०११ मध्ये उलगडा झाला: १९९० च्या दशकात माणसाच्या प्रोस्टेटची कर्करोगाची गाठ प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये वाढवताना उंदरांच्याच दोन विषाणू-तुकड्यांची सांगड होऊन हा विषाणू जन्मला होता, आणि त्या पेशी पुढे अनेक प्रयोगशाळांत पोहोचल्या होत्या. रुग्णांच्या नमुन्यांत सापडला तो प्रयोगशाळेत बाहेरून मिसळलेला अंश होता. डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'ने निबंध पूर्णपणे मागे घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या इयन लिपकिन यांनी १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी व्यक्तींचे नमुने सांकेतिक क्रमांक घालून तपासून घेतले, आणि कुठेही संबंध आढळला नाही. मूळ दावा करणारे संशोधकही या अभ्यासात सहभागी होते आणि त्याच्या लेखकांत त्यांची नावे आहेत, ही गोष्ट मला विज्ञानाच्या दृष्टीने मोठी वाटते. तो निबंध 'एमबायो' मध्ये आहे आणि सर्वांना खुला आहे.

हे सांगण्याचे कारण असे की सामान्य वाचकाला एक निबंध मिळतो, त्यानंतरचे दहा मिळत नाहीत. आणि जो मिळतो तो बहुधा सर्वांत गाजलेला असतो, सर्वांत भक्कम असतोच असे नाही. मला स्वतःला वाटते की रुग्णांनी पूर्ण निबंध जरूर वाचावेत, पण आपल्या डॉक्टरांच्या सोबतीने वाचावेत, आणि एका निबंधाच्या जोरावर औषध सुरू करू नये किंवा बंद करू नये.

प्रतिसाद: त्रिमूर्तीनगर

डॉक्टर मॅडम, आपण लिहिलेले सगळे खरे आहे, पण एक बाजू राहिली. माझ्या पत्नीला हा आजार बरीच वर्षे आहे, त्यामुळे मी हा विषय रुग्णाच्या खाटेच्या बाजूने पाहत आलो आहे. आपण म्हणता की अर्धवट वाचणारा रुग्ण घसरतो. या आजारात पूर्ण वाचणाऱ्या रुग्णांनी तज्ज्ञांचा पाय घसरलेला दाखवून दिला, असेही घडले आहे.

ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर 'पेस' नावाची मोठी चाचणी झाली आणि २०११ मध्ये 'लॅन्सेट'ने ती छापली. बोलण्यावर आधारलेली सीबीटी ही मानसोपचार पद्धती आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम यांनी सुधारणा होते, असा निष्कर्ष होता; २०१३ च्या पुढच्या निबंधात तर रुग्ण 'बरे झाले' असा शब्द आला. आमच्याकडेही एका डॉक्टरांनी याच्याच आधारे सकाळी फिरायला जाण्याचा आणि रोज पाच मिनिटे वाढवण्याचा सल्ला दिला होता; पत्नी पुढे कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून होती. रुग्णांनी मूळ निबंध आणि आधी जाहीर केलेला आराखडा शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा दिसले की शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी ६५ किंवा त्याहून कमी गुण हवे होते, आणि 'बरे' ठरण्याची रेषा मूळच्या ८५ वरून ६० वर आणली गेली होती. म्हणजे ६५ गुणांवर आत आलेला रुग्ण ६० वर घसरला तरी त्या एका कसोटीपुरता बरा. आमच्या गणिताच्या बाईंना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एका ऑस्ट्रेलियन रुग्णाने माहितीच्या अधिकाराखाली मूळ आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, विद्यापीठाचे वकिलांवर सुमारे अडीच लाख पौंड खर्च झाले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल रुग्णाच्या बाजूने लागला. नाव-पत्ता वगळलेले आकडे खुले झाले. मूळच्या कसोट्या लावून ते पुन्हा मांडले तेव्हा 'बरे होण्यातला' फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने उरला नाही; २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम उपचार म्हणून देऊ नये असे स्पष्ट सांगितले. ती मार्गदर्शिका संकेतस्थळावर फुकट वाचता येते आणि बाईंनी आपल्या डॉक्टरांना दाखवायला हवी असा पहिला कागद माझ्या मते तोच आहे.

पेस विषाणूंबद्दल नव्हती, हे मला मान्य आहे. पण मूळ आकडे बघायला मिळाले म्हणून काय बदलू शकते याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही. सारांश वाचून हे कुणालाही कळले नसते.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

मुद्दा मान्य. पेसमधल्या रुग्णांची निवड १९९१ च्या ऑक्सफर्ड निकषांवर झाली होती, आणि त्यात श्रमानंतरचा बिघाड हे लक्षण आवश्यकच नव्हते. १९९४ च्या फुकुदा निकषांत ते ऐच्छिक आहे. २००३ च्या कॅनेडियन निकषांत आणि २०१५ च्या अमेरिकी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालात ते अनिवार्य आहे. म्हणून बाईंनी कोणताही निबंध उघडला की सारांश आणि निष्कर्ष सोडून आधी पद्धतीच्या भागात जावे आणि रुग्ण कोणत्या निकषांनी निवडले ते शोधावे. पुरण वाटल्यावर तिसऱ्या दिवशी कोसळणारा रुग्ण त्या अभ्यासात आहे की नुसता थकलेला, हे तिथेच कळते. विषाणूंवरच्या कित्येक परस्परविरोधी निबंधांचे मूळही हेच आहे: दोघांनी एकाच नावाखाली वेगवेगळी माणसे तपासलेली असतात.

कुठून सुरुवात करावी असे विचारले होते. माझे उत्तर: २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला ऑस्ट्रेलियातल्या डबो गावचा अभ्यास. तो पबमेड सेंट्रलवर खुला आहे. संसर्ग ताजा असतानाच लोकांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली, ही त्याची खरी ताकद. बहुतेक अभ्यास आजार जडल्यावर मागे वळून पाहतात. एपस्टाइन-बारमुळे येणारा ग्रंथिज्वर, क्यू ताप आणि रॉस रिव्हर विषाणू अशा तीन संसर्गांचा त्यात विचार आहे. सहा महिन्यांनी २५३ सहभागींपैकी २९ जणांना रोजची कामे अडवणारा थकवा, स्नायू-सांध्यांचे दुखणे आणि एकाग्रतेचा अभाव असा त्रास राहिला होता, आणि त्यातल्या २८ जणांचे चित्र क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या निकषांत बसले. तिन्ही संसर्गांनंतर हे प्रमाण सारखेच होते, आणि क्यू ताप तर विषाणूचा नव्हे, जीवाणूचा आहे. कुणाला त्रास राहील हे मुख्यतः मूळ आजार किती तीव्र होता यावर ठरले; वय, शिक्षण किंवा आधीची मनःस्थिती यांवर नाही.

प्रतिसाद: अर्जदार

माहितीच्या अधिकाराचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण लोकांचा यात नेहमी घोटाळा होतो. विकत मिळणारे नियतकालिक २००५ च्या कायद्याखाली अर्ज करून फुकट मिळत नाही. आयसीएमआरसारख्या सरकारी संस्थेने चिकनगुनिया किंवा कोविडनंतरच्या थकव्यावर कोणत्या प्रकल्पांना निधी दिला आणि त्यांचे अंतिम अहवाल काय आहेत, हे मात्र विचारता येते. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, आणि नाही मिळाले तर पहिले अपील. अर्ज ऑनलाइन करता येतो, त्यामुळे घराबाहेर पडावे लागत नाही. कलम ८ मधल्या व्यापारी गोपनीयतेच्या आणि वैयक्तिक माहितीच्या अपवादांवर बोट ठेवून नकार येऊ शकतो, म्हणून रुग्णांची नावे-पत्ते वगळून द्यावे असे अर्जातच लिहावे. 'सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहिलेले अर्ज फेटाळले जातात. प्रकल्पाचा विषय आणि वर्षे नेमकी लिहावीत. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी आपल्या निधीतून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवण्याचे धोरण २०१४ मध्येच काढले आहे, त्याचा हवाला द्यायला हरकत नाही.

चालू चाचण्यांसाठी अर्जाचीही गरज नाही. भारतात होणाऱ्या औषध-चाचण्यांची सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून आहे, जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. प्रत्येक नोंदीत जनतेच्या शंकांसाठी एका व्यक्तीचा संपर्क दिलेला असतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

आणि बाई, परक्यांच्या संशोधनाआधी स्वतःचे कागद मिळवा. तुम्ही तीन दिवस दाखल होता. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. लेखी मागणी करा, पोच घ्या, आणि तारखेचा शिक्का बघूनच परत या. किंवा घरच्या कुणाला अधिकारपत्र देऊन पाठवा.

प्रतिसाद: मानेवाडावासी

सर्वांचे आभार. उत्तर उशिरा देते आहे, कारण एका बैठकीत इतके वाचणे मला झेपत नाही. एक प्रतिसाद वाचायचा, पडून राहायचे, मग पुढचा, असे चालले आहे.

यजमानांनी रुग्णालयातून माझ्या नोंदी आणल्या. तापाच्या सहाव्या दिवशीचा चिकनगुनिया आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण असलेली प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह असल्याचा अहवाल त्यात आहे, तो मला कधी दिलाच गेला नव्हता. डबोचा निबंध ग्रंथपालकाकांनी सांगितले तसा शोधून पूर्ण वाचला आणि धंतोलीच्या डॉक्टरांकडे त्याची छापील प्रत ठेवून आले. 'नाइस'ची मार्गदर्शिकाही दिली. एपस्टाइन-बारची तपासणी करणार नाही, हे लॅबवाल्यांना कळवले.

डॉक्टर मॅडमना एक शंका विचारते. त्या अभ्यासात चिकनगुनिया नाही. रॉस रिव्हर विषाणूचे आकडे मला लागू धरता येतील का? आणि माझ्या सांध्यांत अजूनही सकाळी जो ताठरपणा असतो, तो या आजाराचा धरायचा की चिकनगुनियाचा?

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

दोन्ही विषाणू अल्फाव्हायरस या एकाच कुळातले, दोन्ही डासांमार्फत पसरणारे आणि दोन्ही सांधे धरणारे आहेत, त्यामुळे डबोतला हा भाग तुमच्यासाठी सर्वांत जवळचा आहे. तरीही टक्केवारी जशीच्या तशी उचलू नका. चिकनगुनियात सांधेदुखी महिनोन् महिने, काहींना वर्षानुवर्षे राहते, आणि दुखणाऱ्या सांध्यांनी येणारा थकवा आणि श्रमानंतर दोन दिवसांनी कोसळवणारा थकवा यांची मोजणी एकत्र होण्याचा धोका इथे जास्त आहे. चिकनगुनियावरचे निबंध वाचताना लेखकांनी हे दोन वेगळे काढले आहेत का, एवढे आधी पाहा.

सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हे पंधरा दिवस घड्याळ पाहून लिहून ठेवा आणि सांध्यांना सूज येते का तेही टिपा. अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक काळ टिकत असेल किंवा सूज दिसत असेल, तर तुमच्या फिजिशियनना सांगून संधिवाततज्ज्ञांची भेट घ्या, कारण चिकनगुनियानंतरच्या संधिदाहावर उपचार आहेत आणि तो भाग एमई/सीएफएसच्या नावाखाली दुर्लक्षित राहायला नको. आयजीएमचा तो अहवाल त्या भेटीला बरोबर न्या. पुढेमागे एखाद्या अभ्यासात सहभागी व्हायचे झाले, तर मूळ संसर्ग प्रयोगशाळेत सिद्ध झालेला होता का, हेच तिथे सर्वांत आधी विचारतात.